मेलेल्यांची जागा

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना बंद पडला आणि गाव खोकायला लागलं. युनियनच्या ऑफिसात नॉरीन ट्रेगिअर खोकणाऱ्यांची यादी ठेवायची: नाव, शेड, साल, शेजारी कामाला कोण होतं. मालकांनी हजेरीपट जाळून हात झटकले होते. कोणी कुठे धूळ खाल्ली याचा पुरावा म्हणजे नॉरीनची यादी. जुनी कार्डं दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवून तिने ती फेकून दिली होती. यादीत तिचा नवरा क्लेमही होता. तो घरी नाकात नळी घालून कोर्टाच्या तारखेची वाट बघत होता.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, कॉम्प्युटर अडून बसला. नवं नाव टाकलं की एकच ओळ: मेमरी पुरेशी नाही.

दुरुस्तीवाला टिबोर येऊन चांगली आठ मेगाबाइट मेमरी बसवून गेला. ओळ तीच. नॉरीनने त्याला परत बोलावलं.

"भरलीस कुठे रे ती? तुझ्या डोक्यात?"

"मशीनमध्येच आहे, बाई. पण ही जुनी डॉस सिस्टिम. तुझा प्रोग्रॅम सहाशे चाळीस किलोबाइटच्या पलीकडे बघतच नाही, आणि अख्खी यादी तेवढ्यातच उघडतो. बाकी सगळं रिकामं पडलंय, पण त्याच्या लेखी ते नाहीच."

"म्हणजे आमचा मॅनेजरच की!"

सेक्रेटरी बर्ट म्हणाला, "मेलेल्यांना काढ. क्लबात काय करतो आपण? माणूस गेला की बोर्डावरून नाव उतरवायचं, त्याच्या नावाने एक बिअर प्यायची, खाली नवं नाव चढवायचं."

नॉरीनला ते पटलं. गावाची रीतच ती. पहिलं नाव तिने स्वतःच्या भावाचं पुसलं. मग रोज दोन-चार. प्रत्येकामागे चहाचा एक घोट, आणि संध्याकाळी यादी त्याच एका फ्लॉपीवर.

जूनमध्ये क्लेमची केस उभी राहिली. कंपनीचा वकील म्हणाला, हा माणूस बागेत पाणी घालायचा, शेडमध्ये कधी आलाच नाही.

क्लेमची वकीलबाई नॉरीनकडे वळली. "पोती भरायच्या शेडमध्ये क्लेम शेजारी होता, असं कोणी लिहून दिलंय?"

"चौघांनी."

"द्या ना मग."

"मेले ते. मीच पुसले."

"फ्लॉपीवर जुनी यादी असेल?"

"रोज तिच्यावरच नवी चढवत आले, पोरी."

चौघांची नावं तिने साक्षीत घडाघडा सांगितली. न्यायाधीश म्हणाले, बायकोची आठवण हा पुरावा नव्हे. केस गेली. सप्टेंबरात क्लेम गेला.

आठवड्याने बर्ट दारात येऊन टोपी चाळवत उभा राहिला. "नॉरीन, तीन नवी नावं खोळंबलीत. क्लेमची जागा..."

"त्या पुसायच्या बटणाला हात लावून बघ, बर्ट. बोट मोडीन."

शाळेची एक जाड वही आणून तिने ती तीन नावं शेवटच्या पानावर लिहिली. पहिल्या पानावर त्या चौघांची लिहायला घेतली. नावं आली, शेड आली. साल काही केल्या आठवेना.