डाव्या कोपऱ्याचा निकाल

कतारमधल्या अल वक्र्याजवळच्या मैदानावर दर शुक्रवारी आमची कबड्डी रंगते. डाव्या कोपऱ्यावर आमचा एक वेल्डर खेळतो. त्यानं चढाईवाल्याचा घोटा धरला की सुटका नाही. मेट्रो वक्र्याला येऊन थांबते, पुढे जात नाही, तीसुद्धा त्याच्याच धाकानं, हे मी शपथेवर सांगतो.

तिथं रंगाच्या उलट्या डब्यावर पिकल्या मिशांचा एक ड्रायव्हर बसतो. त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. सगळे काकाच म्हणतात. खेळाडूंच्या तोंडाकडे तो बघतच नाही. "तोंड बघून सोयरीक जुळवा, खेळाडू पावलांवरून कळतो," म्हणतो. गावाकडे त्यानं घडवलेली पोरं मोठ्या लीगमध्ये खेळली, त्यामुळे इथं त्याचा शब्द शेवटचा.

मागं वेल्डरला लीगच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. त्यासाठी इथली नोकरी सोडावी लागणार होती. त्यानं विचारलं, "काका, खरं सांगा. टिकेन का मी?"

काकानं बराच वेळ त्याची पावलं न्याहाळली. "टाच उशिरा उठते रे. नाही जमायचं."

"खलास," वेल्डर हसून म्हणाला, आणि राहिला.

परतताना गाडीत मी काकाला छेडलं, "टाच उशिरा? अहो, ती टाच जमिनीला लागतच नाही!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण तो गेला, तर शुक्रवारी मी बघू काय?"

अजूनही प्रत्येक पकडीनंतर वेल्डर उठतो आणि आधी त्या डब्याकडे बघतो. काका तेव्हा खाली वाकून चपलेतली वाळू झटकत असतो.