मुक्या मारावरचं औषध

लेकीचा घोटा मुरगळला म्हणून मुक्या मारावरच्या चिनी औषधाची बाटली उघडली. "आई, इट स्टिंक्स!" ती ओरडली. मी मात्र त्या दारू-कापराच्या वासाने थेट अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या आमच्या जुन्या कुंग-फूच्या क्लासात पोचले.

तिथे एकदा एक आडदांड तरुण आमच्या म्हाताऱ्या चिनी सरांना आव्हान द्यायला आला. सरांनी त्याचा हात असा पिरगळला की खांदा कट्कन निखळला आणि तो तोंडावर आपटला. फरशीवर रक्त सांडलं. मग सरांनीच त्याचा खांदा बसवला, हेच औषध चोळलं.

"किती माया आहे यार सरांना!" मी मैत्रिणीला म्हणाले होते.

माया कसली! तो दारात अजून बूट काढत होता, तेव्हाच सरांनी औषधाची बाटली उघडून ठेवली होती.