'येतो' म्हणून गेलो असतो तर

आमच्या घरातून कोणी कधी जात नाही, सगळे फक्त 'येतात'. कॉलेजला निघालो तरी "येतो", अमेरिकेला निघालो तरी "येतो". चुकून "जातो" म्हटलं की आई परत घरात बोलवायची, खुर्चीत बसवून पाणी द्यायची आणि वाक्य दुरुस्त करून घेऊनच सोडायची. त्यामुळे अमेरिकेतल्या नोव्हाय गावी स्थायिक होऊन माझे केस पिकले, तरी मी अजून येतोच आहे.

अशा या आईला घेऊन मी, बायको मंजिरी आणि मुलगी रिया क्रूझवर गेलो. एका सकाळी बोट कॅरिबियनमधल्या छोट्याशा बेटाला लागली. साडेचारच्या आत परत या, बोट कोणासाठीही थांबत नाही, असं कॅप्टनने माइकवरून फार गोड आवाजात बजावलं होतं.

बीचवर आई छत्रीखाली डुलकी काढत होती. शेजारी अमेरिकेतल्याच पिस्कॅटवे गावचे साठे काका-काकू होते, बोटीवरच ओळख झालेले. दुपारी रिया उन्हाला कंटाळली. "डॅड, आय वॉन्ट पिझ्झा." काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आईंना आम्ही आणतो." मी निश्चिंत झालो. (हे आईलाही सांगावं, एवढं सुचलं नाही.) निघताना संस्कारांना जागून म्हणालो, "आई, आम्ही येतो हं."

"या," आई डोळे मिटूनच म्हणाली.

बोटीवर माझी पिझ्झाची दुसरी स्लाइस चालू असताना साठे काका-काकू आइस्क्रीमच्या रांगेत दिसले. दोघंच.

"काका, आई कुठे आहे?"

"अहो, त्या आल्याच नाहीत. मुलगा येतो म्हणालाय, चुकामूक होईल, म्हणाल्या. आम्हाला वाटलं, तुमचा प्लॅन चेंज झाला."

परकं बेट, आईचं इंग्रजी जेमतेम, आणि तिचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला (बटण न दाबता).

"अरे, आधी बोटीच्या दारावर विचार," मंजिरी म्हणाली. "कार्ड स्कॅन करतात ना, एव्हाना आल्या असतील तर कळेल."

बायकोचं ऐकून वेळ वाचवणं माझ्या स्वभावात नाही. "वेळ नाहीये, मी जातो!" असं ओरडून मी पळालो.

टॅक्सीने बीच गाठला, तर खुर्ची रिकामी. छत्र्या मिटणाऱ्या माणसाला मी हातवाऱ्यांनी अंबाडा, साडी, सगळं करून दाखवलं. "मामा?" तो म्हणाला. "बस. शिप." तोवर माझी टॅक्सी दुसऱ्यांना घेऊन निघून गेली होती.

मग मी धक्क्यापर्यंत धावलो. वाटेत एक चप्पल वाळूत राहिली. उशिरा पळत येणाऱ्यांसाठी डेकवरून टाळ्या वाजवायची बोटीवर पद्धत आहे. आदल्या बंदरावर मीही वाजवल्या होत्या. आज कठड्याशी उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती माझी आई. चष्मा पर्समध्ये होता.

"अगोबाई, तो तू होतास?" मी वर पोचल्यावर ती म्हणाली. "येतो म्हणालास आणि आलाच नाहीस. शेवटी बसवाला हाका मारायला लागला, तेव्हा निघाले. तू कुठे गेला होतास?"

"तुम्हालाच आणायला," मंजिरी म्हणाली. "मी जातो म्हणाला आणि पळाला."

"जातो म्हणाला?" आईने कपाळावर हात मारला. "तरीच बोट सुटत होती."

तिने मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. रियाने व्हिडिओ चालू केला. आणि टीमला रोज डेडलाइन समजावून सांगणारा मी सीनियर इंजिनिअर, एका चपलेवर, मागे पडत चाललेल्या बेटाकडे बघत म्हणालो, "येतो."