संघाच्या खोलीची किल्ली

वामनराव काल गेले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

हे मी स्वतः एका बोटाने टाइप करतेय. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, चुका काढू नका.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी फणसवाडीत राहायची, ते भोईवाड्यातल्या चाळीत. कॉलेजच्या विद्यार्थी संघाची मी चिटणीस, म्हणजे सेक्रेटरी. ते पुस्तकपेढी बघायचे.

संघाकडे होतं काय? एक खोली, दोन कपाटं, सहा बाकं.

पण ज्यांच्या घरी एका खोलीत दहा माणसं, ती मुलं तिथे बसून अभ्यास करायची. पुस्तकं वर्षभर फुकट न्यायची. वामनरावांचा नियम एकच. परत देताना आत चिठ्ठी ठेवायची, पुढच्याला कुठला धडा जड जाईल ते लिहून.

मला हे सगळं किरकोळ वाटायचं. माझ्या घरी टेबल होतं ना!

हरताळाच्या दिवशी मी खोलीला कुलूप लावायला निघाले.

"महाराष्ट्र मलापण पाहिजे, चिटणीसबाई," ते म्हणाले. "पण परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. पोरं जाणार कुठं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या सकाळी किल्ली तुमच्या हातात देते."

किल्ली कमरेला खोचली आणि मोर्चात गेले. संध्याकाळच्या आत अटक झाली.

दोन आठवडे तुरुंगात होते. दारातच शिपायांनी माझं घड्याळ आणि ती किल्ली जमा करून घेतली. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात घोषणाच होत्या. खोटं कशाला बोलू, मुलांची आठवण एकदाही झाली नाही.

दुसरी किल्ली नव्हती. वामनरावांनी चार दिवस वाट पाहिली, मग मिलमधल्या वडिलांकडून हॅकसॉ आणून कुलूप कापलं. मुलं अभ्यासाला बसली.

मी सुटले. हार काय, पेढे काय, फणसवाडीत मिरवणूक काय!

दोन दिवसांनी संघाची बैठक. आंदोलनात लावलेलं कुलूप तोडलं, म्हणजे गद्दारी. वामनरावांना काढायचा ठराव आला.

कोणीतरी विचारलं, "किल्ली कुठे होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

"हरवली होती," ते म्हणाले.

ठरावावर पहिली सही माझी. चिटणीस म्हणून.

नंतर जिन्यात त्यांना गाठलं. "का नाही सांगितलंत?"

"परवाच तुमच्या गळ्यात हार पडले. आज काढायला लावू काय?"

ते हसले, म्हणून मीही हसण्यावारी नेलं.

पुढे दर एक मेला, माझे सत्कार आटोपले की, त्यांचा फोन यायचा. "जयभीम, चिटणीसबाई. यंदा हार किती?"

दरवर्षी वाटायचं, आज बोलू. दरवर्षी हारांचा आकडा सांगून फोन ठेवायची.

मिस्टर गेले, मैत्रिणी गेल्या, त्या बैठकीतले एकेक करत सगळे गेले. मला चिटणीसबाई म्हणणारा तो एकच आवाज उरला होता. आता फोन वाजतो तो लोन हवंय का विचारायला.

आज मी भोईवाड्यात त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा सगळ्यांना म्हणाला, "या बाबांच्या चिटणीसबाई. जेल भोगून आल्यात. बाबा फार मानायचे यांना."

लोकांनी उठून मला खुर्ची दिली.

मी बसले. तिथेही गप्पच बसले.

म्हणून इथे ग्रुपवर लिहितेय. त्या बैठकीतलं कोणी हे वाचायला नाही. पण वामनरावांची नातवंडं इथे आहेत.

बाळांनो, तुमच्या आजोबांनी गद्दारी केली नव्हती. किल्ली हरवलीही नव्हती. ती माझ्या कमरेला होती, माझ्याबरोबर तुरुंगात गेली.

वामनराव, त्या ठरावावरची माझी सही मी आज मागे घेते.

जयभीम.