आधी वायर

माझ्या मामाला अख्खा बाजार ‘आधीवायर’ म्हणतो आणि ते नाव त्याने स्वतःच कमावलंय. जिन्याखाली त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं. तिथे बंद पडलेलं मशीन उरावर उचलून न्या, रडा, भांडा, हा मान वर न करता म्हणणार, "आधी वायर." म्हणजे सगळ्या वायरी काढायच्या, एकेक बघायची, परत लावायची. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक रॅम काढली, चालू करून बघितलं, की कागदी चिकटपट्टीवर लिहून मशीनला डकवायचं, ‘रॅम काढली, फरक नाही.’ मग दुसरी. तोवर गिऱ्हाईक म्हातारं होतं!

आणि त्याआधी त्याचा तो प्रश्न. "काय केलंत?" सगळे म्हणतात, काहीच नाही. शिंपीकाका पण तेच म्हणाले होते. त्यांचं कॉम्प्युटरचं मशीन दर अर्ध्या तासाने बंद पडायचं. आणलं तेव्हा कळलं, धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याला मापात झबलं शिवलं होतं, वर बटणं. पंख्याला श्वास घ्यायला जागा नाही. मामा म्हणाला, "काका, थंडी वाजत होती का याला?" काका चिडून म्हणाले, "अस्तर नाही लावलं हो!"

तर त्या दिवशी मी गेले. साडेअकरा वाजलेले. चार वाजता कॉलेजच्या साइटवर प्रोजेक्ट चढवायचा होता. इस्त्री करणाऱ्या एकतीस बायकांच्या मुलाखती, चार महिने उन्हातान्हात फिरून रेकॉर्ड केलेल्या. मॅडमनी बजावलं होतं, मूळ रेकॉर्डिंग नाही तर मार्क नाहीत. फोनमधून मी ते उडवलेलं, जागा नव्हती. सगळं घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये आणि ती सकाळपासून नुसती टक टक टक करत होती, स्क्रीनवर म्हणे डिस्क सापडत नाही. मी सात वेळा चालू-बंद केलं. मग धपका पण घातला. मग तो धोंडा मांडीवर घेऊन बसने आले.

"काय केलंस?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

मामाने वीज लावली आणि डिस्कला कान लावला. टक. टक. टक. त्याचा चेहराच उतरला. त्याने खटकन बंद केलं आणि चष्मा काढून पुसत बसला.

"आतलं हेड, म्हणजे वाचणारी सुई, गेलं गं. आता चालू करायचं नाही, तबकडी खरवडली जाईल. मोठ्या लॅबला पाठवू. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे? चार वाजता द्यायचंय मला!"

"निघेल याची पण खात्री नाही. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मला असला संताप आला! लोकांची वर्षं खातो हा माणूस एका वायरीपायी आणि माझ्या वेळी दोन मिनिटांत निकाल?

"मामा, वायर बघितलीस?"

"अगं, आवाज ऐकलास ना."

"शिंपीकाकांची बघतोस आणि माझी नाही? आधी वायर! आधी वायर ना रे!"

मी इतकी किंचाळले की शेजारचा चावीवाला डोकावला. "आधीवायर, पोरगी बरोबर बोलतेय," म्हणून तो सटकला.

मामाने स्क्रू उघडले. डिस्कला वीज देणारी वायर तो बोटाने मागे मागे चाचपत गेला आणि थांबला. तिथे दोन फाट्यांचा एक स्वस्तातला जोड होता. एक फाटा डिस्कला, दुसरा एका जांभळ्या लाइटच्या पंख्याला.

"हा कोणी बसवला?"

मी चावीवाल्याच्या दुकानाकडे बघायला लागले.

"काहीच नाही केलं म्हणालीस."

"सुंदर दिसतो म्हणून! कालच बसवला. आणि पंखाच तर आहे मामा, पंख्याने कधी डिस्क जाते का?"

"जोड ढिला आहे. डिस्कला पुरती वीज मिळत नाही, मग ती उठते आणि पडते, उठते आणि पडते." त्याने जोड काढला, डिस्कला सरळ वायर लावली आणि बटण दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "धपका घातलास?"

"...एकच."

त्याने बटण दाबलं. टक झालं एकदा. मी डोळे मिटले. मग नुसती घूंऽऽ.

लगेच घेऊ दिलं का? नाव नको! आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, या डिस्कवर आता भरवसा नाही म्हणे. स्क्रीनवरची ती सरकणारी पट्टी बारा मिनिटं म्हणायची, मग चाळीस, मग सहा, मग परत तीस. मी नखं खाल्ली. मामा चिकटपट्टीवर काहीतरी लिहीत बसलेला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी दुकानातूनच एकतिसावी मुलाखत चढली.

मशीन घरी आणल्यावर त्याला डकवलेली चिकटपट्टी वाचली. ‘डिस्क ठीक. पंखा भाचीने. वायर मामाने बघितली नाही.’

आईने विचारलं, काय झालं होतं गं?

मी म्हटलं, काहीच नाही.