डावीकडं वळताना डावा पाय

मी एकोणीस वर्षं मोटारसायकल चालवली आणि त्यानंतर मला ती चालवता येत नाही, हे कळलं. कळलं तेही सरकारी कागदावर, शिक्क्यासकट.

आमचं गाव जवळा बाजारपासून सहा किलोमीटर आत. गावातल्याच शाळेत मी क्लर्क आहे. शाळा घरापासून चालत चार मिनिटांवर, त्यामुळं गाडी लागायची ती बाजाराला, दवाखान्याला आणि लग्नकार्याला. अशा प्रत्येक ठिकाणी माझी बायको सुनंदा मागं बसलेली असायची. लायसन काढायचं राहून गेलं होतं. फाट्यावर पोलीस दिसला की मी गाडी कापसातल्या गाडीवाटेनं वळवायचो (या वाटेवर एकोणीस वर्षांत मला कुणी अडवलं नाही, एक बैल सोडला तर).

यंदा मात्र कागदाची गरज पडली. बचत गटांचं काम बघणाऱ्या एका संस्थेनं सुनंदाची निवड केली. अकरा गावं फिरायची, बायका रानातून आल्या की संध्याकाळी त्यांच्या बैठका घ्यायच्या, असं पगारी काम. लग्नानंतर तिच्या नावाचं पत्र घरी यायची ती पहिलीच वेळ. तिनं ते डाळीच्या डब्याखाली ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा डबा उचलून ते जागेवर आहे ना, हे बघत होती. पत्राच्या शेवटी एक अट होती. गाडी तुम्ही चालवा नाहीतर घरातलं कुणी चालवो, चालवणाऱ्याच्या लायसनची झेरॉक्स एप्रिलअखेर जमा करा. नसेल तर यादीतलं पुढचं नाव घेतलं जाईल.

"तुमाला येतीच की गाडी," सुनंदा म्हणाली. "नुसता कागद तर आणायचा."

मलाही तसंच वाटलं. आमच्या मुलीनं, मयुरीनं, मोबाइलवर माझं शिकाऊ लायसन काढून दिलं आणि महिना उलटल्यावर आम्ही नवराबायको पक्क्या लायसनच्या परीक्षेसाठी वसमतच्या कॅम्पला गेलो. मी नवीन चपला घातल्या होत्या. फोटो काढतील असं वाटलं होतं.

मैदानात आठच्या आकड्यासारखी रेघ मारून तिच्या कडेनं प्लास्टिकच्या लाल, उभ्या टोप्या मांडल्या होत्या आणि बघणाऱ्या लोकांपुढं दोरी बांधली होती. परीक्षा घेणारे साहेब शांत माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, आठ काढा, वळताना हात दाखवा आणि पाय टेकवू नका. मी निघालो. आता आमच्या भागात वळायची एक पद्धत आहे. डावीकडं वळायचं तर डावा पाय लांब काढायचा, उजवीकडं वळायचं तर उजवा. मागच्याला बराबर कळतं. आजवर कुणाचा गैरसमज झालेला नाही. पहिलं वळण आलं आणि माझा डावा पाय आपसूक बाहेर निघाला. तो खडीला घासला, चप्पल निसटली, उडाली आणि शेजारच्या नाल्यात जाऊन पडली.

"पाय काहून काढला?" साहेबांनी विचारलं.

"डावीकडं वळायचं होतं, साहेब."

"हात हायेत की तुमाला."

"ते हँडलला धरलेत," मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात! पण साहेबांनी कागदावर नापास लिहिलं.

नाल्यात चप्पल सापडली नाही. उरलेली उजवी सुनंदानं पिशवीत टाकली. नवी होती, फेकवेना. एक चप्पल घालून फिरण्यापेक्षा अनवाणी बरं, माणूस देवाला आला असं तरी लोकांना वाटतं, असं तिचं म्हणणं पडलं. गावात मी कॅम्प रद्द झाला म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत पाराजवळच्या चार जणांनी मला चप्पल सापडली का म्हणून विचारलं होतं.

पुढचे दिवस मी शाळा सुटल्यावर मैदानात आठ काढायचा सराव करू लागलो. शाळेची पोरं कठड्यावर ओळीनं बसून बघायची. मी पडलो की टाळ्या, नाही पडलो तर जास्त टाळ्या. त्याच सुमाराला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. संध्याकाळी गाडी बाहेर काढावी तर चाकं पिवळीधमक. हळद शिजवून वाळत घालायचे दिवस होते, गल्लीतून ट्रॅक्टर जातात, सांडत असेल, असं मी समजलो. रोज फडक्यानं चाकं पुसायचो आणि ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या द्यायचो. सुनंदा पाणी आणून द्यायची.

दुसऱ्या परीक्षेला मी पाय न काढण्याचा पक्का निश्चय करून गेलो. निश्चय टिकला. पाय शेवटपर्यंत जागेवर होते. पण वळण आलं आणि काहीच झालं नाही. कसं सांगू? वळायची वेळ झाली आहे असं मला आतून वाटलंच नाही. मी कशाची तरी वाट बघत सरळ गेलो. दोन टोप्या आडव्या झाल्या, दोरी ताणून तुटली, लोक बाजूला झाले आणि गाडी मैदानाबाहेरच्या रसवंतीपुढं जाऊन बंद पडली.

रसवंतीवाल्यानं विचारलं, "एक का दोन?"

मी एक रस घेतला. दुसरं काय करणार? तेवढ्यात साहेब चालत आले. "आठ काढायचा होता," ते म्हणाले. "तुमी एक काढला."

परत येताना मला रडू येत होतं. हे मी विनोदानं सांगत नाही. एप्रिल जवळ येत होता, डाळीच्या डब्याखाली पत्र होतं आणि एकोणीस वर्षांचा गाडीवाला म्हणवणारा मी दोनदा नापास होतो. बोलायला तोंड नव्हतं म्हणून गप्प बसून गाडी चालवत होतो आणि गप्प असल्यामुळंच मला पहिल्यांदा मागचं बोलणं नीट ऐकू आलं. सुनंदा बोलत होती. हळू. पुढं खड्डा हाय. गेर कमी करा. मागं ट्रॅक्टर येऊन राहिला, त्याला जाऊ द्या. हारन वाजवा. आता वळा. आणि 'आता वळा' म्हणताना तिनं मागून स्वतःचा हात लांब करून दाखवला. मी वळलो. एकोणीस वर्षं मी याला संसाराच्या गप्पा समजत होतो!

म्हणजे गाडी ती चालवत होती. मी नुसता हँडल धरून पुढं बसलेला होतो.

घरी आल्यावर मी हे कबूल केलं नाही. उलट दोष वजनाचा आहे असं जाहीर केलं. मागं माणूस असायची सवय, एकट्यानं गाडी हलकी पडते, तोल कसा राहणार? मी घरातलं सोयाबीनचं पोतं मागच्या सीटला करकचून बांधलं. पोतं बासष्ट किलोचं भरलं होतं. तुझ्याइतकंच आहे, असं मी सुनंदाला सहज बोलून गेलो. दोन दिवस आमच्या घरी जेवण मयुरीनं वाढलं.

पण पोत्यानं काम केलं. पोतं मागं घेऊन मी शाळेच्या मैदानात असा आठ काढला की पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. नुसती बघत राहिली. साताठ दिवसांत मी पोत्याशी थोडंफार बोलायलाही लागलो होतो.

तिसरी परीक्षा एप्रिलात होती. ही गेली तर पुढचे दोन महिने बसता येत नाही, म्हणजे नोकरी गेली. सकाळी सुनंदा पंजाबी ड्रेस घालून तयार झाली. एरवी वसमतला ती साडीच नेसते. मी विचारलं तर म्हणाली, ऊन फार हाय. हातात हेल्मेटही होतं, शेजारच्या वैशालीबाईंचं. या वैशालीबाई आमच्या उपकेंद्रात नर्स आहेत आणि स्वतःच्या मोटारसायकलवर फिरतात. हेल्मेट कशाला, तर तेही उन्हासाठी. मागं पोतं असल्यामुळं सुनंदा बसनं आली, मी आणि सोयाबीन गाडीवर गेलो.

साहेबांनी पोत्याकडं बराच वेळ बघितलं.

"हे काय?"

"सोयाबीन, साहेब."

"धान्याचा मोंढा तिकडं हाय."

मी तोलाचा सगळा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि पोतं उतरवायला लावलं. ते दोरीजवळ उभं केलं. त्याच्याशेजारी सुनंदा उभी राहिली. मी एकटा निघालो. गाडी डुगडुगली, पण सावरली. वळण जवळ आलं. पाय आवळून धरले. मन कोरं. परत तीच वाट बघणं सुरू झालं, रसवंती समोर दिसू लागली आणि एवढ्यात दोरीपलीकडून आवाज आला, "आता वळा."

मी वळलो. "हळू. हात दाखवा." मी दाखवला! "आता हिकडं वळा." वळलो. माझ्या आयुष्यात मी इतका गोल, इतका सुरेख आठ काढलेला नाही. पाय टेकला नाही, टोपी पडली नाही. मी साहेबांपुढं येऊन थांबलो आणि पास झालो असं समजून हसलोही.

साहेब माझ्याकडं बघत नव्हते. ते दोरीकडं बघत होते. "परीक्षा कोनाची चालू हाय?" त्यांनी विचारलं आणि नापास लिहिलं.

सुनंदाचं म्हणणं, आवाज आपोआप तोंडातून निघाला, सवयीनं. निघालाच असेल. पण पुढं जे घडलं त्यामुळं मी अजून कधीकधी त्यावर विचार करतो. मी पोत्याला टेकून बसलो होतो. सगळं संपलं होतं. तिची नोकरी माझ्यापायी गेली होती आणि तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. ते सुनंदाचं होतं.

तिनं ओढणी कमरेला बांधली, वैशालीबाईंचं हेल्मेट घातलं आणि माझ्यापुढं हात धरला. "चावी द्या."

माझ्या पहिल्या नापासानंतर तिसऱ्याच दिवशी तिनं मयुरीकडून स्वतःचं शिकाऊ लायसन काढून घेतलं होतं. रोज दुपारी, मी शाळेत असताना, वैशालीबाई तिला त्यांच्या हळदीच्या खळ्यावर आमचीच गाडी शिकवत होत्या. म्हणजे महिनाभर मी जी पिवळी चाकं पुसत होतो, ती माझ्या बायकोच्या अभ्यासाची होती. फडकंसुद्धा तिनंच धुऊन दिलं होतं.

ती निघाली. गाडी जराही डुगडुगली नाही. पोतं नाही, मागं कोणी नाही. माझ्याजवळून जाताना हेल्मेटच्या आतून तिचा बारीक आवाज आला. ती स्वतःशीच बोलत होती, तेही माझ्याशी बोलते तसंच, अहोजाहो करत. "हळू. गेर कमी करा. आता वळा. हात दाखवा." आणि ती स्वतःचं ऐकत होती. आठ पुरा झाला. साहेबांनी पास लिहिलं. मी खूप टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं निम्मं आनंदाचं होतं.

झेरॉक्स वेळेत जमा झाली. सुनंदा आता अकरा गावं एकटी फिरते. गाडीवाटेनं जात नाही, फाट्यावरूनच जाते आणि पोलीस दिसला की मुद्दाम हळू करते. माझे दोन महिने कधीच उलटले, पण मी परत परीक्षेला बसलेलो नाही. घरात एक लायसन पुरतं.

सुट्टीच्या दिवशी ती मला बाजाराला नेते. मी मागं बसतो. वळताना हात दाखवायचं काम माझ्याकडं दिलेलं आहे, तेवढं तरी जमेल असं तिला वाटलं. गेल्या रविवारी जवळा बाजारच्या वळणावर ती नेहमीसारखी म्हणाली, "डावीकडं वळायचंय, दाखवा." मी दाखवला. पाय.

घरात आता माझ्या दोन चपला आहेत. दोन्ही उजव्या.