आपल्या लोकांसाठी नसलेले कोट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण... कारण मलाही नीटसं ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहायचो, मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्समध्ये होते. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात पुण्याहून आणलेल्या स्वेटरवर बसची वाट बघत कुडकुडले होते, ते विसरले नव्हते. म्हणून ऑफिसात जुने गरम कपडे गोळा करायची कल्पना माझीच. लंचरूमच्या दाराशी खोकी ठेवली, एकेका टेबलापाशी जाऊन सांगितलं – ज्याला थंडी वाजते त्याने यावं, कोट घेऊन जावं, कुणी काही विचारणार नाही. खोकी भरून वाहिली. माझी मॅनेजर कॅरल सगळ्यांना सांगायची, हे सगळं नलिनीचं. मला ते आवडायचं. फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात आम्ही कपडे मांडले. रांग लागली. आणि त्या रांगेत – मिलिंद आणि वैदेही.

मिलिंद नागपूरचा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा. वैदेही त्याची बायको, नुकतीच इकडे आलेली. दिवाळीला दोघं आमच्याकडे जेवली होती. वैदेही मला ताई म्हणायची. साडीवर पातळसा स्वेटर, पायात मोज्यांवर मोजे – आणि टेबलावरचा एक मरून कोट तिने अंगात घातला.

“ताई, अगदी मापाचा आहे बघा!” तिथूनच ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कॅरलनेही. आणि मला – कसं सांगू – लाज वाटली. आपलं माणूस फुकटच्या रांगेत दिसलं, याची लाज. इतकी वर्षं मी देणाऱ्यांत गणली जावी म्हणून धडपडत होते ना?

मी तिच्याजवळ गेले. हसत, हळू आवाजात म्हणाले, “अगं, हे आपल्या लोकांसाठी नाहीये. बरं दिसत नाही.”

तिने कोट उतरवला. बटणं लावली, बाह्या सरळ केल्या, परत ठेवला. मिलिंद काही बोलणार होता, तिने त्याचा दंड धरला. तेवढ्यात कॅरल आली. “तुझ्या ओळखीचे?”

“नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. “चुकून आत आले.”

वैदेहीला इंग्रजी उत्तम येत होतं. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढून गेली.

त्या हिवाळ्यात ती मला बसस्टॉपवर दिसली, शाल कानांवरून गुंडाळलेली. मी गाडी थांबवली का? नाही. सिग्नल हिरवा होता म्हणून उलट बरं वाटलं.

पुढच्या वर्षी तिचाच फोन आला. “ताई, यंदाही कपडे गोळा करताय ना? मी येते मदतीला.” आवाजात ना टोमणा, ना गोडवा.

आली. अंगात स्वतःचा कोट – हिवाळा सरल्यावरच्या सेलमध्ये घेतला म्हणाली. भराभर खोकी उघडली, कपडे हँगरला लावायला घेतले. कॅरलला तिचा चेहरा आठवत नव्हता; तिने सहज विचारलं, तुला इथलं कसं कळलं?

“मागच्या वर्षी कोट घ्यायला आले होते.”

माझे हात थांबले.

“मग, मिळाला?” कॅरलने विचारलं.

“मापाचा नव्हता,” वैदेही म्हणाली आणि पुढचा हँगर उचलला.

तेव्हा मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी घड्या घालत राहिले.

दुपारी जिन्याच्या वर एक मुलगी दिसली. आपल्याकडचीच, पातळ जॅकेटमध्ये. आम्हा दोघींना पाहिलं आणि मागे फिरली. मी – का कोण जाणे – हातातलं टाकून धावले. तिला पार्किंगमध्ये गाठलं. “अगं, थांब. हे सगळ्यांसाठी आहे. तुझ्यासाठीही.” कोल्हापूरची निघाली. करडा कोट घेतला, हातमोजे घेतले आणि मग आमच्यातच उभी राहून लहान मुलांच्या टोप्या मांडू लागली. नंतरच्या वर्षांत आपली कितीतरी मुलं त्या तळघरात आली – आधी कोट न्यायला, मग कोट वाटायला. त्यांचा गलबला ऐकून मला अजूनही बरं वाटतं.

वैदेही आता टेक्ससमधल्या प्लेनोला असते. आमचे फोन होतात – नातवंडांचं, गुडघ्यांचं बोलतो. तिने तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

माझी लाज झाकायला ती खोटं बोलली आणि मी ते झाकू दिलं. त्या मुलीमागे मी धावले, हे खरं. पण त्याने वैदेहीला त्या हिवाळ्यात ऊब मिळाली नाही. मला ताई म्हणणारी ती समोर उभी होती, आणि ती माझ्या ओळखीची नाही असं म्हणाले. मीच म्हणाले.